घाटातील अडचणी आणि वहीतील कल्पना

मोलगीहून अक्कलकुव्याकडे घाट उतरणाऱ्या प्रत्येकाच्या ओठी काही तक्रारी ठरलेल्या असतात. दरीत शिरताच मोबाईलची रेंज जाते, जीपमध्ये सामान मांडीवर घेऊन बसावे लागते, आणि दूरच्या पाड्यावर कोणी आजारी पडले, तर जेथे रस्ता संपतो तेथून झोळी सुरू होते. या तक्रारींकडे शोधकाच्या नजरेने कसे पाहावे, हे येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

रेंजचेच पाहू. टॉवरवरून निघणाऱ्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्यामागचा पाडा जणू सावलीत राहतो, म्हणून टेकडी चढून फोन लावावा लागतो. दरीत टॉवरशी संपर्क साधण्यासाठी फोन अधिक शक्ती खर्च करतो आणि बॅटरी लवकर उतरते. तेवढ्या वेळापुरता विमान मोड लावला तर ती टिकते. याला शोध म्हणता येणार नाही, परंतु कारण कळले की उपाय किती स्वस्त होतो हे यावरून दिसते.

आपल्या महाराष्ट्रात ही दृष्टी जुनी आहे. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी तरुणपणीच मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी स्थानकदर्शक यंत्र योजिले होते. किराणा माल आपोआप मोजणाऱ्या त्यांच्या यंत्राची योजना लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत सरस ठरली. अलीकडे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून छोटी चारचाकी घडविली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. २०२१ च्या अखेरीस तिची देशभर चर्चा झाली, पण अशी गाडी वाहतुकीच्या नियमांत बसत नाही, हा मुद्दाही तेव्हाच पुढे आला. प्रवासाच्या साधनाला नुसते चालणे पुरत नाही, त्याला सुरक्षिततेच्या कसोटीवरही उतरावे लागते.

आम्हांस सर्वांत जवळचे वाटते ते उदाहरण पाटण्याचे आहे. आजोबांना वॉकर घेऊन जिना चढता येत नाही, हे तेथील एका शाळकरी मुलीने पाहिले. पायरीवर पुढचे पाय आखूड व्हावेत, एवढाच बदल तिने सुचविला आणि पुढे तसा वॉकर बाजारात आला. आपली झोळीही उताराशीच झगडते. बांबू कलला की कापड खालच्या बाजूस सरकते, रुग्णाचा भार पुढच्या माणसावर येतो आणि पाय घसरण्याचा धोका वाढतो. गाठ सरकू नये म्हणून बांबूवर खुंटी ठोकावी काय? की त्याने बांबूच चिरेल? रस्ता होणे हेच झोळीचे खरे उत्तर आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण आज रात्री कोणाला उतरावे लागले, तर हा प्रश्न उरतोच.

कल्पना सुचली की ती आकृती व तारखेसह वहीत लिहावी. पेटंट घ्यावयाचे असेल तर अर्जापूर्वी ती जाहीर करू नये, कारण त्यामुळे तिचे नावीन्य संपते, असे कायदा साधारणपणे मानतो. विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना आहे. तीत शाळेला पाच कल्पना नोंदविता येतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्यास प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान सामान्य माणसांच्याही कल्पना स्वीकारते.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी स्वतः झोळी वाहिली आहे, त्यांनी उतारावर गाठ नेमकी कोठे सरकते, हे एका कागदावर रेखाटून शाळेत द्यावे. बांबूची लांबी, वाहणाऱ्यांची संख्या आणि वाटेतील सर्वांत अवघड जागा, एवढे लिहिले तरी मुलांना काम सुरू करता येईल.