जुन्या इमारती आणि धुराची वर्दी



दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांतील एका रात्रीं आमच्या इमारतीच्या जिन्याखालील मीटरांच्या खोलींत तारा जळूं लागल्या. ज्वाळा फारशा नव्हत्या. धूर मात्र लांकडी जिन्याच्या पोकळींतून धुराड्याप्रमाणें वर चढला. दुसऱ्या मजल्यावरील एक गृहस्थ पाणी पिण्यास उठले होते, म्हणून आम्ही सारे वांचलों. एका माणसाच्या तहानेवर सोळा बिऱ्हाडांचा जीव अवलंबून असावा, हें मला रुचलें नाहीं. म्हणून थोडी चौकशी केली. ती आज आपणांपुढें मांडतों.

धुराचा वास आपणांस जागें करील, हा समज खोटा आहे. झोपेंत नाक निजतें. कान बरेचसे जागे असतात. शिवाय धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो माणसास गुंगवितो. २०२३ सालीं ६ ऑक्टोबरच्या पहाटे मुंबईंत गोरेगांव येथें एका निवासी इमारतीच्या तळाशीं आग लागली, धूर वर चढला आणि निदान सात माणसें दगावलीं.

उंच इमारतींतील तारा ओढलेली मोठी यंत्रणा आम्हां पागडीवाल्यांस परवडत नाहीं. मालक म्हणतो, भाडेकरूंनीं करावें. भाडेकरू म्हणतात, मालकानें. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें मालक आणि भोगवटादार दोघांचेंही नांव घेतलें आहे, एवढें सांगून तो वाद मी सोडतों.

स्वस्त उपाय म्हणजे बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म. किंमत साधारण हजार-दोन हजार रुपयांच्या आसपास. आंत प्रकाशाचा एक किरण असतो. धूर शिरला कीं तो विखुरतो, बाजूच्या प्रकाशग्राही घटावर पडतो आणि कर्णा वाजतो. धुमसणारी गादी किंवा तार हें यंत्र लवकर ओळखतें. तें छतास, भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर लावावें. पंख्याजवळ नको आणि स्वयंपाकघरांत तर नकोच. रोज फोडणीला वाजणाऱ्या यंत्राची बॅटरी चौथ्या दिवशीं भिंतीवरच्या घड्याळांत जाते! तेथें सुमारें ५८ अंश सेल्सिअस उष्णतेस वाजणारा सूचक हवा. गॅसचा सूचक घ्यावयाचा असल्यास सिलिंडरचा गॅस हवेहून जड, म्हणून तो जमिनीलगत लावावा. नळाचा गॅस हलका, म्हणून छतालगत.

जिन्यासाठीं बिनतारी जोडणीचे अलार्म घ्यावे. एकास धूर लागला कीं सगळे वाजतात, आणि जुन्या भिंती फोडाव्या लागत नाहींत. आम्हीं वर्गणी काढून एक मीटरांच्या खोलींत, एकेक प्रत्येक मजल्यावर लावला. शिवाय तळाशीं शाळेसारखी पितळी घंटा टांगली आहे. तिच्यापाशीं अग्निशामक दलाचा १०१ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

आतां माझ्याच अंगावर आलेली गोष्ट सांगतों. घरीं यंत्र लावल्यावर मी दार लोटून खाटेवर पडलों आणि बाहेर नातवास कळ दाबावयास सांगितलें. बराच वेळ आवाज येईना, म्हणून हांक मारली, तों तो कानांवर हात ठेवून आंत आला. या यंत्रांचा आवाज सेकंदास सुमारें ३००० कंपनांचा, म्हणजे उंच पट्टीचा असतो. आणि वयोमानानें आपण प्रथम उंच स्वरच गमावतों. ५२० कंपनांचा खर्जांतील आवाज निजलेल्या वृद्धांस अधिक खात्रीनें उठवितो, असें प्रयोगांत दिसलें आहे. पण तसलें यंत्र महाग पडतें. मीं आपलें एक साधें यंत्र उशाच्या वर छतास लाविलें. ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें आहेत, त्यांनीं हा प्रयोग दार लावून अवश्य करून पाहावा.

बॅटरी वेळेवर बदलावी, आणि दहा वर्षांनीं यंत्रच नवें घ्यावें. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं नऊ वाजतां कळ दाबतात. तिसऱ्या मजल्यावरील आजीबाई त्या वेळीं जिन्याच्या तोंडाशीं येऊन उभ्या राहतात आणि वरूनच ओरडतात, "आलें हो ऐकूं!"