अंगात राहिलेला छर्रा आणि एमआरआय: माजी सैनिकांचे स्कॅन वाचताना रेडिओलॉजिस्ट काय शोधतात?

मुरलीकांत पेटकर हे नाव 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे घराघरांत पोहोचलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हाही एक गोळी त्यांच्या मणक्यात तशीच होती.

युद्धातून परतलेल्या प्रत्येकाच्या अंगातला धातू काढता येतोच असं नाही. गोळी मणक्याजवळ किंवा मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल, तर ती काढण्यात जास्त धोका असतो. मग डॉक्टर ती तिथेच राहू देतात. जखम भरते, माणूस निवृत्त होतो, गावी येतो. अनेक वर्षांनी कंबर दुखायला लागते आणि कुणीतरी एमआरआय लिहून देतं. इथून पुढे सगळं एका प्रश्नावर अवलंबून असतं: आतल्या तुकड्याबद्दल कुणाला माहीत आहे का?

रेडिओलॉजिस्ट नेमकं काय करतात?

अनेकांना वाटतं की मशिन चालवतात ते रेडिओलॉजिस्ट. प्रत्यक्षात एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय बहुतेक वेळा तंत्रज्ञ काढतात. रेडिओलॉजिस्ट हे एमबीबीएसनंतर या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. कोणती तपासणी योग्य, ती सुरक्षित आहे का, चित्रात काय दिसतंय आणि त्याचा अर्थ काय, हे ते ठरवतात. सोनोग्राफी सोडली तर बऱ्याचदा ते रुग्णाला पाहतही नाहीत. त्यांच्यासमोर असतात फक्त चित्रं आणि चिठ्ठीवर लिहिलेली एक ओळ. 'कंबरदुखी, ६५ वर्षं' एवढंच लिहिलेलं असेल, तर हा माणूस कधीकाळी सीमेवर जखमी झाला होता हे त्यांना कळणार कसं?

सैनिक आणि एक्स-रे यांचं नातं जुनं

रॉन्टजेन यांनी एक्स-रे शोधला १८९५ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत ब्रिटिश लष्कराचे डॉक्टर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला एक्स-रे यंत्र वापरलं.

आज लष्करी रुग्णालयांत हा विभाग महत्त्वाचा मानला जातो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीमध्ये, रेडिओडायग्नोसिसमध्ये एमडी करता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदी आलेल्या पहिल्या महिला, सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन, यांनी हीच पदवी एएफएमसीतून घेतली आहे.

नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर

सेवेत असलेल्या जवानाची नियमित वैद्यकीय तपासणी होते. दुखापत झाली तर तिची नोंद होते. निवृत्त होताना वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न असेल तर ही कागदपत्रं फार मोलाची ठरतात. लष्करी रुग्णालयातल्या रेडिओलॉजिस्टला रुग्णाची पार्श्वभूमी त्यामुळे बरीचशी माहीत असते.

निवृत्तीनंतर चित्र बदलतं. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी खात्याची स्वतंत्र रुग्णालयं आहेत आणि त्यांचे स्कॅन साठवायला संगणक प्रणाली आहे. भारतात १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय तिचे सदस्य होतात. देशभरात तिची चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत. पॉलिक्लिनिकचे डॉक्टर तपासतात आणि गरज पडली तर लष्करी रुग्णालयात किंवा यादीतल्या खासगी रुग्णालयात पाठवतात.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीसारखं गाव घ्या. लोणार तालुक्यातलं, मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावरचं. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण एमआरआयसाठी बुलढाणा, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. म्हणजे एक्स-रे एका ठिकाणी, सीटी दुसरीकडे, एमआरआय तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट वेगळे. नोकरीत असताना एका साखळीत असलेली माहिती इथे विखुरते. ती जोडणारा दुवा उरतो तो रुग्ण स्वतः आणि त्याच्या घरातली कागदांची पिशवी.

एमआरआयमध्ये धोका कसला?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबक असतं. नेहमीचं १.५ टेस्लाचं मशिन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी ताकदवान असतं आणि ते सहसा बंद केलं जात नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण मशिनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला.

शरीरातला धातूही याला अपवाद नाही, मात्र सगळे धातू सारखे नसतात. शिसं आणि तांब्याची गोळी चुंबकाला ओढली जात नाही. पोलादी आवरणाची गोळी, बॉम्बचा किंवा सुरुंगाचा छर्रा ओढला जाऊ शकतो. स्नायूत रुतून बसलेल्या जुन्या तुकड्याभोवती घट्ट ऊतक तयार झालेलं असतं, म्हणून तो सहसा हलत नाही. डोळा, मेंदू आणि मणका इथे मात्र थोडीशी हालचालही महागात पडते. डोळ्यातला लोखंडी कण एमआरआयमध्ये हलून दृष्टी गेल्याची घटना १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेव्हापासून शंका असली की आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात.

म्हणजे अंगात छर्रा आहे म्हणून एमआरआय कधीच होणार नाही, असं नाही. तुकडा कुठे आहे, किती मोठा आहे, कशाचा असू शकतो हे एक्स-रे किंवा सीटीवर पाहून रेडिओलॉजिस्ट निर्णय घेतात. कधी एमआरआय होतो, कधी सीटीवर भागवलं जातं. पण त्यासाठी आधी त्यांना कळायला हवं.

जुनी फिल्म का जपायची?

समजा, छातीच्या एक्स-रेमध्ये छोटा डाग दिसला. तो जुन्या टीबीचा व्रण असू शकतो, बसून राहिलेला छर्रा असू शकतो किंवा कर्करोगाची सुरुवातही. छर्रा त्याच्या लख्ख पांढऱ्या रंगावरून सहसा ओळखू येतो. उरलेल्या दोघांत मात्र एका चित्रावरून फरक करणं अवघड असतं.

अशा वेळी रेडिओलॉजिस्ट पहिल्यांदा विचारतात: जुना एक्स-रे आहे का? तोच घट्ट डाग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जसाच्या तसा असेल, तर तो निरुपद्रवी असण्याची शक्यता बरीच वाढते. जुनी फिल्म नसेल तर सीटी, मग पुन्हा सीटी, कदाचित सुईने तुकडा काढून तपासणी. प्रवास, खर्च आणि घरच्यांचा घोर वेगळाच. उलट, डाग नवा आहे हे जुन्या फिल्ममुळे कळलं, तर उपचार लवकर सुरू होतात.

तपासणीला जाताना काय करावं?

- गोळी, छर्रा, सुरुंगाचा स्फोट किंवा डोळ्याला झालेली इजा याबद्दल एमआरआयच्या फॉर्मवर लिहा आणि तंत्रज्ञाला तोंडीही सांगा. पन्नास वर्षांपूर्वीची जखम असली तरी.
- रॉड, प्लेट, पेसमेकर, स्टेंट, श्रवणयंत्र यांची माहिती आणि कार्ड सोबत न्या.
- डिस्चार्ज कार्ड आणि निवृत्तीच्या वेळचे वैद्यकीय कागद यांच्या प्रती काढून ठेवा.
- जुन्या फिल्म आणि सीडी कोरड्या जागी, तारखेनुसार ठेवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही, चित्रंही लागतात.
- डॉक्टरांना चिठ्ठीवर 'माजी सैनिक, अमुक साली जखमी' एवढं लिहायला सांगा.

बरेच माजी सैनिक जुन्या जखमेबद्दल बोलत नाहीत. काहींना ते किरकोळ वाटतं, काहींना नको त्या आठवणी. म्हणून घरातल्या एकाला तरी ती माहिती असायला हवी. आजोबांना स्कॅनसाठी घेऊन जाणाऱ्या नातवाला तर नक्कीच.