पदव्युत्तर पदवीनंतरचा पहिला परदेशप्रवास : लुंबिनी

पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागल्यावर नोकरी, नेट-सेट किंवा पीएच.डी.चा प्रवेश हाती येईपर्यंत काही महिन्यांचा काळ मिळतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज या टप्प्यावर उभे आहेत. या काळात स्वतः साठवलेल्या थोड्या पैशांत आणि एकट्याने एकदा परदेश पाहून यावा, असे सुचवण्यासाठी व तो प्रवास कसा आखावा हे सांगण्यासाठी हा लेख आहे. परदेश म्हटले की विमान, व्हिसा आणि लाखांचे आकडे डोळ्यांपुढे येतात. परंतु तथागतांची जन्मभूमी ज्या देशात आहे, तो नेपाळ आपल्याला रेल्वेने आणि बसने गाठता येतो, आणि भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही.

प्रवास ही आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ हौसेची बाब नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात आरंभीच प्रवासाचे प्रसंग सांगितले आहेत. 1901 साली वडिलांना भेटण्यासाठी ते भावंडांसह निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. खिशात भाड्याचे पैसे होते. पण जात कळल्यावर त्यांना गाडीत घेण्यास कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एक बैलगाडी मिळाली. 1934 साली सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असता तेथील हौदाच्या पाण्याने तोंड धुतले म्हणून त्या सर्वांना शिवीगाळ सहन करावी लागली. पैसा असूनही वाट बंद होती, असा तो काळ होता. आज वाट मोकळी आहे आणि अडचण बहुधा पैशाची आहे. पैशाची अडचण हिशेबाने सोडवता येते.

एकट्याने आणि तुटपुंज्या पैशांत धम्माच्या शोधात निघण्याची परंपरा जुनी आहे. चिनी भिक्खू फाहियान इ.स. 399 मध्ये निघाला, तर ह्युएन त्संग 629 च्या सुमारास. दोघांनीही लुंबिनीचे वर्णन करून ठेवले आहे. आपल्या भाषेतले उदाहरण धर्मानंद कोसंबींचे आहे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण 1899 साली घर सोडून निघाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्याने संस्कृतचे अध्ययन केले, पुढे नेपाळ गाठले, बुद्धगयेला गेला आणि 1902 साली श्रीलंकेत पोहोचून कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकू लागला. स्वतः बाबासाहेब 1950 साली कँडीला, 1954 साली रंगूनला आणि महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर 1956 मध्ये, काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदांसाठी गेले होते.

कागदपत्रे

खुष्कीच्या मार्गाने नेपाळमध्ये जाणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाजवळ वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. आधार कार्डावर विसंबू नये; या प्रवासासाठी ते पुरेसे मानले जात नाही. मतदार ओळखपत्रावर काम भागत असले तरी पासपोर्ट याच निमित्ताने काढून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्रौढ व्यक्तीच्या 36 पानी साध्या पासपोर्टाचे शुल्क सध्या 1500 रुपये असून तो 10 वर्षे चालतो. परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा झाल्यास तो आधीपासून हाताशी असतो. अर्ज करताना नाव, जन्मतारीख आणि आडनावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे ना, हे आधी तपासावे. आपल्या अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरेच नाव असते. ती दुरुस्ती आधी करावी. तिला वेळ लागतो. कागदपत्रांच्या दोन छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात आणि एक प्रत घरी द्यावी.

वाट आणि ऋतू

मुंबईहून गोरखपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत. कुशीनगर एक्सप्रेस ही त्यांपैकी एक. ती भुसावळमार्गे जाते. नागपूरहूनही गोरखपूरकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. शयनयान वर्गाचे आरक्षण सध्या 60 दिवस आधी खुले होते. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट त्याच आठवड्यात काढावे, कारण ऐनवेळी काढलेले तिकीट सारा हिशेब बिघडवते. गोरखपूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर कुशीनगर आहे. तेथे एक दिवस द्यावा आणि मग गोरखपूरहून बसने सुमारे 100 किलोमीटरवरील सोनौली गाठावे. सीमा पायी ओलांडता येते. भारतीय नागरिकाला प्रवेशासाठी तेथे काही शुल्क द्यावे लागत नाही, म्हणून ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला नम्रपणे नकार द्यावा. पलीकडे भैरहवा हे शहर आहे आणि तेथून लुंबिनी 20-22 किलोमीटर. घड्याळ 15 मिनिटे पुढे करावे, कारण नेपाळची प्रमाणवेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम. डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. मे-जूनचा उन्हाळा कडक असतो.

हिशेब

नेपाळी चलनाचे गणित सोपे आहे. 1993 पासून 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. दुकानदाराने ‘दोनशे’ म्हटले, तर ‘आयसी की एनसी?’ असे लगेच विचारावे. आयसी म्हणजे भारतीय चलन आणि एनसी म्हणजे नेपाळी. दोनशे एनसी म्हणजे आपले 125 रुपये. न विचारता भारतीय नोटा मोजल्या तर 75 रुपयांचा भुर्दंड बसतो. मोठ्या नोटा नेण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि शक्यतो 100 च्या नोटा जवळ ठेवाव्यात.

आठ-नऊ दिवसांच्या प्रवासासाठी 15,000 रुपये साठवले आहेत असे समजू. त्यांची वाटणी अशी करावी : रेल्वे व बस 3,500, मुक्काम 4,000, जेवण 3,500, प्रवेशशुल्क, सायकल आणि दान 1,000, राखीव 3,000. भाव बदलतील तसे आकडे बदलतील, पण राखीव पाचवा हिस्सा मोडू नये. तो आजारपणासाठी आणि चुकलेल्या गाडीसाठी आहे, खरेदीसाठी नव्हे. काठमांडू पाहायचे असेल तर आणखी चार दिवस आणि त्यांचा वेगळा पैसा जमवावा. भैरहव्याहून तेथवरचा घाटरस्ता दिवसभराचा आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या प्रवासासाठी कर्ज काढू नये. घरात कुणाचे औषधपाणी किंवा धाकट्या भावंडाची फी अडली असेल, तर प्रवास एक वर्ष पुढे ढकलावा. लुंबिनी कुठे जात नाही. शिकवण्या घेऊन किंवा विद्यावेतनातून दरमहा हजार-बाराशे रुपये बाजूला टाकले, तर पदवी पूर्ण होईपर्यंत ही रक्कम उभी राहते.

काय पाहावे

लुंबिनीचा परिसर जपानी वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांच्या 1978 च्या आराखड्यानुसार विकसित झाला आहे. तो सुमारे पाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद असल्याने भाड्याची सायकल घ्यावी. पूर्वेस थेरवादी आणि पश्चिमेस महायानी देशांचे विहार आहेत. काही विहारांत यात्रेकरूंची अल्प खर्चात सोय होते. कोरियन विहार त्यासाठी परिचित आहे. तेथील वेळा व शांतता पाळावी आणि दान देताना हात आखडू नये. आपण तेथे पाहुणे असतो, गिऱ्हाईक नव्हे.

मायादेवी मंदिराजवळ सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. त्यावरील ब्राह्मी लेख सांगतो की, राज्याभिषेकाला 20 वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने स्तंभ उभारला, आणि लुंबिनी गावाला करात सवलत दिली. 1896 मध्ये हा लेख उजेडात आल्यावर जन्मस्थळाच्या प्रश्नाला दगडातला पुरावा मिळाला. जाण्यापूर्वी ब्राह्मीची मुळाक्षरे महिनाभर गिरवावीत. स्तंभापुढे उभे राहून दोन-चार अक्षरे स्वतः ओळखता आली, तर त्या पाहण्याला वेगळा अर्थ येतो. एक दिवस पश्चिमेकडील तिलौराकोटसाठी ठेवावा. कपिलवस्तू ते की भारतातील पिपरहवा, यावर अभ्यासकांत वाद आहे. दोन्ही बाजू आधी वाचून अवशेष पाहावेत, म्हणजे आपण यात्रेकरू आणि इतिहासाचा विद्यार्थी असे दोन्ही होऊन परततो.

पालकांसाठी

मुलगी एकटी निघणार म्हटले की घरात धास्ती वाटते, आणि ती समजण्याजोगी आहे. तिच्यावर उपाय बंदी नव्हे, शिस्त आहे. पहिल्या रात्रीचा मुक्काम निघण्यापूर्वीच ठरवावा. नव्या गावात सूर्यास्तापूर्वी पोहोचावे, रात्रीच्या बसगाड्या टाळाव्यात. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी घरी फोन करावा. सीमेपलीकडे आपले सिम महाग पडते, म्हणून ओळखपत्र दाखवून स्थानिक सिम घ्यावे. काठमांडूतील भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण फोन हरवू शकतो. नेहमीची औषधे, मीठ-साखरेची पाकिटे आणि तराईतल्या डासांसाठी मलम जवळ असावे. हे नियम मुलालाही तेवढेच लागू आहेत.

नालासोपारा येथे 1882 साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या शिलालेखात सम्राटाने एक भेद केला आहे : पूर्वीचे राजे शिकारीच्या व मौजेच्या विहारयात्रा करीत, आपण धम्मयात्रा सुरू केल्या, त्यांत श्रमणांच्या भेटी, वृद्धांना साहाय्य, जनपदातील लोकांचे दर्शन आणि धम्माची चर्चा असते. सम्राटापाशी हत्ती-घोडे होते, आपल्यापाशी शयनयानाचे तिकीट असेल. पण प्रवासाचा हेतू तोच ठेवता येतो. रोज रात्री वहीच्या एका पानावर खर्च लिहावा आणि दुसऱ्या पानावर त्या दिवशी भेटलेली माणसे. परत आल्यावर ती वही घेऊन आपल्या शाळेच्या वसतिगृहात यावे आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना वाचून दाखवावी. ज्यांच्या घरातून अजून कोणी जिल्ह्याबाहेर गेलेले नाही, अशी मुले तेथे बसलेली असतात. परदेशप्रवास आपल्यासारख्यांनाही जमतो आणि त्याचा हिशेब वहीच्या एका पानात मावतो, हे त्यांना कळले की पुढच्या प्रवासाची तयारी सुरू होते.