चौक : घरातला आणि गावातला

बोदवडचा माणूस भुसावळला गेला काय किंवा मलकापूरला गेला काय, घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘कोणत्या चौकात आहेस?’ गावाचा मध्य सांगायला आपल्याकडे याहून सोपा शब्द नाही.

चौक हा शब्द संस्कृत ‘चतुष्क’वरून आला. प्राकृतात त्याचे ‘चउक्क’ झाले, पुढे चौक. मूळ अर्थ चारचा समूह. चौकट, चौकोन हे याच कुळातले. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत तो रुळलेला असल्यामुळे, घरात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना तो कधी परका वाटत नाही.

त्याची भावंडेही पुष्कळ. जळगावात टॉवर चौक आहे, पण महामार्गावर अजिंठा चौफुली. मुंबईकर नाका म्हणतो, कोकणात तीन रस्ते मिळाले की तिठा. धुळ्यात तर ‘पाच कंदील’ एवढे म्हटले तरी पुरते, चौक म्हणावेच लागत नाही. कैरोत अशा जागेला ‘मैदान’ म्हणतात. तोच शब्द आपण खेळाच्या मोकळ्या जागेसाठी वापरतो.

मराठीत चौकाचा आणखी एक जुना अर्थ आहे : वाड्याच्या मधले अंगण, चारी बाजूंनी ओसरी आणि वर उघडे आकाश. वाडा किती मोठा हे ‘एकचौकी’, ‘दोनचौकी’ अशा शब्दांनी सांगत. हा चौक घरातल्या बायकांचा. धान्य निवडणे, पापड वाळवणे, मुलांना खेळवणे सारे तिथेच. रस्त्यावरचा चौक मात्र पुरुषांचा झाला. बाईचे नाव चौकात निघाले की ती बदनामी, आणि ‘चव्हाट्यावर आणणे’ म्हणजे अब्रू काढणे. चव्हाटा म्हणजेही चार वाटा मिळतात ती जागाच!

गंमत अशी, की देशातला सर्वांत नावाजलेला चौक एका स्त्रीने वसवला. दिल्लीचा चांदणी चौक शाहजहानची कन्या जहाँआरा बेगम हिने इ.स. १६५०च्या सुमारास उभारला. मधल्या हौदात चांदणे उतरत असे, त्यावरून हे नाव पडले.

रस्त्यावर बसण्याविषयी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी रस्त्यांवर बसणे टाळायला सांगितले. बोलायला दुसरी जागा नाही, असे सोबती म्हणाले, तेव्हा रस्त्याचा हक्क अदा करा, असे त्यांनी बजावले. तो हक्क म्हणजे नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे.

आता वाडे गेले, घरातला चौकही गेला. शाळेला, दवाखान्याला, बाजाराला जाणाऱ्या आपल्या मुली रोज गावच्या चौकातूनच जातात. तिथे उभी असतात तीही आपलीच मुले. मुलीला ‘तो रस्ता टाळ’ असे सांगणे सोपे आहे. त्याआधी मुलाला रस्त्याचा हक्क शिकवला, तर चौक पुन्हा चारही बाजूंचा होईल.