गणपती गेल्यावर युरोपला

पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्ती परदेशी रवाना होतात त्या चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी. मूर्ती घडवणाऱ्या घरातल्या माणसांचा पाय मात्र चतुर्थीपर्यंत कारखान्यातून निघत नाही. त्यामुळे जर्मनीतल्या बहिणीकडे किंवा नेदरलँड्समधल्या भाच्याकडे सहकुटुंब जायचं असेल, तर या घरांनी नोव्हेंबरची अखेर धरावी. रोह्याच्या पाहुण्यांनाही तोच काळ सोयीचा. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. ती टाकून विमानात बसायला कुठला रोहेकर तयार होईल? पालखी झाली, दिवाळी झाली, की तिकडचे सण दारात येतात. न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरपर्यंत चालतो. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासच्या नावाने मुलांना भेटी मिळतात. भाच्याच्या घरी ती संध्याकाळ मुलांनी अनुभवावी, एवढ्यासाठीसुद्धा प्रवास करावा.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसा एकच, पण तो कुठल्या देशाकडे मागायचा? जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील, तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवस आधीची. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ सुद्धा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. मुंबईच्या व्हिसा केंद्राची सेवा फी वेगळी. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. लंडनच्या नातेवाइकांना, किंवा १९३२ साली स्थापन झालेल्या तिथल्या महाराष्ट्र मंडळाला भेट द्यायची असेल, तर ब्रिटनचा व्हिसा निराळा काढावा लागतो.

खरी गोम बँकेच्या कागदात आहे. कारखानदाराचं खातं वर्षभर पगारदाराच्या खात्यासारखं दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला माती, रंग, कारागिरांची मजुरी यांत पैसा गेलेला असतो आणि शिल्लक तळाला असते. गणपतीच्या सुमारास मोठ्या रकमा एकदम येतात. जुलैत अर्ज केला तर खातं रिकामं दिसेल. ऑक्टोबरात केला तर अचानक भरलेलं. मी ऑक्टोबर निवडेन, भेटीची वेळ मात्र त्याच्या बऱ्याच आधी घेऊन ठेवेन. अर्जासोबतच्या पत्रात धंद्याचा हंगाम साध्या शब्दांत सांगावा आणि मागच्या वर्षांची बँक विवरणं, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, उद्यम नोंदणी जोडावी. दरवर्षी पैसा त्याच महिन्यांत येतो हे एकदा कागदावर दिसलं, की ती रक्कम उसनी आणून ठेवल्यासारखी वाटत नाही. सातबारा किंवा इतर मराठी कागद असतील तर त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात नोकरीला असणाऱ्याचं काम सोपं: पगाराच्या पावत्या आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र. मुलांसाठी शाळेचं रजेचं पत्र घ्यावं. मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याची लेखी संमती हवी.

नातेवाइकाच्या घरी उतरणार म्हणजे त्यालाही धावपळ आहे. जर्मनीतला यजमान खर्च उचलणार असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र करून देतो. नेदरलँड्समध्ये हमीच्या आणि निवासाच्या अर्जावरची त्याची सही नगरपालिका साक्षांकित करते. फ्रान्समध्ये निवासाचा दाखलाच नगरपालिकेतून निघतो. ही कामं एका दिवसात होत नाहीत. ताईला किंवा भाच्याला हे उन्हाळ्यातच कळवावं.

बॅग भरताना थोडं थांबावं. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. कढीपत्ता, आळूची पानं यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय मज्जाव. नारळ आणि केळी मात्र चालतात. पेणचे पोहे, पापड बिनधास्त न्यावेत. आपल्या भागाला आनंदाची गोष्ट म्हणजे मासळीला माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे, तेव्हा घरच्या वापरासाठी सोडे आणि सुकट नेता येतात. दुहेरी हवाबंद पिशवीत बांधावेत, नाहीतर नवे स्वेटर घालवतील.

उतरल्यावर सीमेवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. येण्याजाण्याची तारीख संगणकात नोंदते, म्हणून ठरल्या दिवशी निघावं. तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाप्रमाणे वापरले, तर भारतीयांना पुढे दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. आईला बाळंतपणासाठी लेकीकडे पुन्हा जावं लागणार असेल, तर तो फार उपयोगी पडेल.