वजनकाट्याला न दिसणारे

मधुमेहाच्या सीमेवर येऊन ठेपलेल्या भारतीय माणसास केवळ आहारविहाराच्या शिस्तीने मागे फिरविता येते काय, या प्रश्नाचा भरवशाचा निवाडा चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी 2006 साली प्रसिद्ध केला. शरीराची साखर जिरविण्याची शक्ती क्षीण झालेल्या 531 स्त्रीपुरुषांची त्यांनी चार गटांत वाटणी केली. ज्यांना नेहमीचा मोघम सल्ला मिळाला त्यांच्यापैकी 55 टक्के तीन वर्षांच्या मुदतीत मधुमेही झाले, तर नित्य अर्धा तास चालण्याची, साखर, मैदा व तेलतूप यांना आवर घालण्याची ताकीद ज्यांना वारंवार मिळत गेली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांवरच राहिले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या गोळीने जवळजवळ तितकेच साधले. दोन्हींच्या मिलाफाने मात्र अधिक काही पदरात पडले नाही. आणि वजनकाट्याच्या भक्तांनी हे ध्यानी घ्यावे, की आहारविहार सुधारलेल्या त्या गटाचे वजन म्हणावे तसे उतरलेच नव्हते.

काट्याच्या या अपुरेपणाचा पुरावा पुण्यातही आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शरीरभारांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3 असा तंतोतंत सारखा असता, देहातील चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 आणि युडकिन यांची 9.1 टक्के भरली, ही नोंद 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

तेव्हा काट्याला न दिसणाऱ्या या चरबीचा अंदाज घेण्यासाठी सडपातळ वाचकांनीही कंबरेचा घेर मोजावा: दक्षिण आशियाई पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते.