मृगातला मेघ आणि पुण्यात तपासलेली रेघ

जानेवारीच्या अखेरीस, अमावास्येच्या आसपास, रात्री साडेनऊच्या सुमाराला नागावच्या किनाऱ्यावर जावं. हॉटेलांचे आणि टपऱ्यांचे दिवे सुरूच्या झाडांमागे राहतील असं बघावं, रेवदंड्याच्या, म्हणजे दक्षिणेच्या दिशेला तोंड करावं आणि मान बरीच वर न्यावी. चार कोपऱ्यांवर चार ठळक तारे आणि मधोमध एका ओळीत तीन, म्हणजे मृग आणि त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाणाच्या खाली मंद ताऱ्यांची एक आखूड ओळ लोंबते. तिच्या मधला ‘तारा’ जरा पुसट वाटतो. साधी द्विनेत्री लावली की तो पसरतो आणि धुरकट, करडा डाग दिसू लागतो. हा मृगातला तेजोमेघ, आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षं लांब.

हा मेघ वायूचा आहे, की दुरून एकत्र मिसळलेल्या ताऱ्यांचा? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याचं खात्रीचं उत्तर नव्हतं. १८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज निरीक्षकाने कालेय तारकासमूहातल्या एका छोट्या तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याच्या प्रकाशाचा सलग रंगीत पट्टा तिथे नव्हता. मोजक्या सुट्या रेघा होत्या, आणि त्यांत सर्वांत ठळक होती ती हिरवी. असा वर्णपट विरळ, तप्त वायूच देतो. पण ही हिरवी रेघ कोणत्या मूलद्रव्याची, हे कुणाला सांगता येईना.

या वादात पुणं उतरलं. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली होती आणि तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. तिकडे इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचं म्हणणं असं की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि हिरवी रेघ ही तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. पट्ट्याची कड असेल तर रेघ एका बाजूला धारदार आणि दुसऱ्या बाजूला विरत गेलेली दिसायला हवी. नायगमवालांनी मृगातल्याच मेघावर दुर्बीण लावून ती रेघ तपासली. ती दोन्ही बाजूंनी नीट, धारदार होती. १८९१ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि लॉकियर यांचा मुद्दा लंगडा पडला.

मग ती रेघ होती कशाची? ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य कल्पून झालं. १९२७ साली आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेघ होती. या ऑक्सिजनला धक्का बसून ऊर्जा मिळाली की ती हिरव्या प्रकाशाच्या रूपात सोडायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. आपल्या हवेत घनसेंटिमीटरला २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. तिथे दुसरा धक्का लगेच बसतो आणि प्रकाश निघायच्या आतच ऊर्जा हिरावली जाते. मृगातल्या मेघात तेवढ्याच जागेत काही हजार कण असतात, त्यामुळे अणूला सवड मिळते. प्रयोगशाळेत ही रेघ सापडत नव्हती ती यामुळे.

आता हा वायू तापवणारे तारे घडतात कसे ते पाहू. मृगातल्या मेघामागे याहून कितीतरी मोठा, काळोखा आणि थंड मेघ आहे. अशा मेघांचं तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. वायू इतका थंड असला की त्याचा दाब कमी पडतो आणि दाट जागी गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. तिथला वायू आत कोसळतो. कोसळताना त्याची गिरकी वाढते, उरलेलं द्रव्य भोवती तबकडीसारखं पसरतं आणि मध्यभाग तापत जातो. मध्यभागाचं तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेलं की हायड्रोजनपासून हेलियम होऊ लागतो आणि तारा स्वतःच्या ऊर्जेवर उभा राहतो. सूर्यासारख्या ताऱ्याला इथवर यायला काही कोटी वर्षं लागतात. तबकडीत पुढे ग्रह घडू शकतात. १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीने मृगातल्या मेघात अशा तबकड्या टिपल्या.

जास्त वस्तुमानाचे तारे मात्र झपाट्याने घडतात. या मेघाच्या पोटात चार तरुण ताऱ्यांचा छोटा चौकोन आहे, लहान दुर्बिणीतूनही तो सुटा दिसतो. त्यांतला सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तीसेकपट वस्तुमानाचा आहे. त्याचे अतिनील किरण आसपासच्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात आणि वायू दहा हजार अंशांच्या आसपास तापतो. हायड्रोजन तांबडा चमकतो, ऑक्सिजन हिरवा. छायाचित्रांत तांबडा उठून दिसतो, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही, म्हणून किनाऱ्यावरून मेघ करडा, फार तर हिरवट वाटतो.

गंमत अशी की हगिन्स यांनी १८६४ साली पाहिलेला मेघ ताऱ्यांच्या जन्माचा नव्हताच. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगतो, बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो आणि उघडा पडलेला तप्त गाभा त्या थरांना उजळवतो. अशा मेघांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. काही हजार वर्षांत ते विरून जातात आणि मागे श्वेतबटू उरतो. म्हणजे नायगमवालांनी जी रेघ जन्माच्या मेघात तपासली, तीच हगिन्स यांना मरणाच्या मेघात दिसली होती.

यामागे कारण आहे. ऑक्सिजन विश्वाच्या आरंभी नव्हता, तो ताऱ्यांच्या पोटात घडला. सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्यांमध्ये हेलियमपासून कार्बन, ऑक्सिजन असं करत शेवटी लोखंड बनतं. लोखंडाच्या एकत्रीकरणातून ऊर्जा सुटत नाही, म्हणून गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटात उधळले जातात. मृगाच्या उत्तरेकडचा तांबूस तारा काक्षी याच वाटेवर आहे. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत असाच एक स्फोट नोंदवला होता. त्याचे अवशेष, म्हणजे खेकडा तेजोमेघ, अजून सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने पसरत आहेत आणि त्यांच्या मध्यभागी सेकंदाला ३० गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतून अशा ताऱ्यांचा अभ्यास चालतो. उधळलेलं द्रव्य पुढे थंड मेघांत मिसळतं. मृगात हिरवा चमकणारा ऑक्सिजन तिथे घडलेला नाही, मृगाच्याही आधी संपलेल्या ताऱ्यांकडून तो आला आहे.

हगिन्स यांच्यासारखी परीक्षा छोट्या दुर्बिणीवर आज आपल्यालाही घेता येते. ‘ओ-थ्री’ नावाचा फिल्टर मिळतो. तो मुख्यतः ऑक्सिजनच्या हिरव्या रेघा आरपार जाऊ देतो आणि दिव्यांचा बहुतेक उजेड अडवतो. तो लावला की मृगातला मेघ काळ्या आकाशावर जास्त ठळक होतो. मग दुर्बीण कृत्तिकांकडे वळवावी. तिथल्या धुरकटपणाला हा फिल्टर काही मदत करत नाही, उलट तो मावळतो, कारण ती धूळ नुसता ताऱ्यांचा प्रकाश परतवते. चमकणारा वायू कुठे आणि उजळलेली धूळ कुठे, हे एवढ्यावरून कळतं. मृग एप्रिलच्या मध्यालाही रात्री दहानंतर समुद्रात मावळतो, तेव्हा यासाठी अख्खा हिवाळा आणि वर थोडा उन्हाळा हाताशी आहे.